कोनसेट आणि टी बदलण्याचं काम: पहिल्या छर्र्यापासून शेवटच्या बोल्टपर्यंत

कोनसेट म्हणजे मोटरसायकलचं हँडल ज्यावर फिरतं ते चेसीच्या हेड पाइपमधलं बेअरिंग: वाट्या, कोन आणि त्यांच्यामधले छर्रे, म्हणजे लोखंडी गोळ्या. टी म्हणजे फोर्कचे दोन्ही पाइप धरणारे वरचा आणि खालचा आडवा तुकडा, आणि खालच्या टीमधून हेड पाइपमधून वर जाणारा दांडा म्हणजे स्टेम. कोनसेट बिघडल्याची लक्षणं दोन प्रकारची, आणि ती एकमेकांच्या उलट. पहिला प्रकार सैलपणाचा. पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज येतो, खडबडीत रस्त्यावर टाकीच्या पुढच्या टोकाला खटखट जाणवते. दुसरा प्रकार अडकण्याचा. हँडल दोन्ही बाजूंना वळतं, पण बरोबर मध्यावर आलं की खाचेत बसल्यासारखं थांबतं. अशी गाडी हळू वेगात सरळ चालत नाही, सारखी थोडी इकडे, थोडी तिकडे जात राहते आणि चालवणाऱ्याचे खांदे नकळत भरून येतात. नुसता सैल झालेला कोनसेट आवळून भागतं. खाच पडली असेल तर आवळून काहीही उपयोग नाही. उलट खाच आणखी खोल होते.

खाच मध्यावरच का पडते? गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणजे छर्रे वाटीत त्याच त्याच जागी उभे असतात आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का फोर्कमधून येऊन त्याच बिंदूंवर आदळतो. कोनसेट सैल असेल तर छर्रा हातोडीसारखा बसतो. फार घट्ट असेल तर छर्रा फिरत नाही, वाटीत रुतून राहतो आणि मधलं ग्रीस पिळून बाहेर निघतं. खालची वाटी बहुतेक वेळा आधी जाते, कारण भार तिच्यावर जास्त आणि चाकाचा चिखल-पाणीही तिच्याच दिशेने उडतं. त्यात वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट टीखाली मारला की उरलंसुरलं ग्रीसही जातं. पावसाळ्यानंतर खोललेल्या गाड्यांत खालच्या वाटीत ग्रीसऐवजी गंजाचा तपकिरी चिखल मिळतो तो यामुळेच.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच की या कामात सुटे भाग स्वस्त आहेत आणि बसवणंही कठीण नाही. नवा कोनसेट चार महिन्यांत जाणार की काही वर्षं टिकणार हे शेवटच्या पाच मिनिटांत, नट किती आवळला यावर ठरतं.

आधी खात्री करा

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा आणि पुढचं चाक जमिनीपासून दोन-तीन इंच उचला. समोर बसून दोन्ही फोर्क अगदी खाली, अ‍ॅक्सलजवळ धरा आणि पुढे-मागे ढकला. दुसऱ्या माणसाला खालचा टी आणि चेसीचा हेड पाइप यांच्या फटीवर बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल लागली तर कोनसेट सैल आहे. हालचाल ऑइल सीलपाशी, म्हणजे पाइप आणि खालची नळी यांच्यामध्ये लागली तर फोर्कचे बुश झिजलेत. चाक आडवं हलवल्यावर रिममध्ये खेळ जाणवला तर चाकाचं बेअरिंग. डिस्क ब्रेकच्या गाड्यांत कॅलिपरचे पॅडसुद्धा अगदी असाच ‘टक्’ आवाज करतात, म्हणून पुढचा ब्रेक धरून आणि सोडून, दोन्ही प्रकारे हलवून पाहा.

मग फोर्क सोडून हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. खरखर लागली तर ग्रीस गेलंय किंवा गंज आहे. मध्यावर थांबलं तर खाच. केबल आणि वायरिंगचा ताण हँडलला ओढतो, त्याला खाच समजू नका. खाच त्याच जागी, प्रत्येक वेळी, स्पष्ट कळते.

काय लागेल

पूर्ण कोनसेट घ्यायचा: वरची वाटी, खालची वाटी, वरचा कोन, खालचा कोन आणि छर्रे. ‘वाट्या चांगल्या आहेत, फक्त छर्रे बदलू’ हा सल्ला ऐकू नका. वाटीच्या पृष्ठभागावरचा कडक थर एकदा दबला की नवे छर्रे जुन्याच खड्ड्यांत जाऊन बसतात.

छर्र्यांच्या मापात घोळ होतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला वर १९ आणि खाली १९, सगळे पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिमीचे छर्रे लागतात. पण काही यामाहा गाड्यांत वरचे छर्रे ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मिमीचे, आणि खालचे पाव इंचाचे असतात. म्हणून वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. गाडीतून जितके निघाले तितकेच बरोबर असं मानू नका, कारण आधीच्या कामात एखादा पडून हरवलेला असू शकतो. संख्या मॅन्युअलमध्ये किंवा सेटच्या पाकिटात बघा. तेही नसेल तर एक खात्रीचा नियम आहे: ग्रीस लावलेल्या वाटीत छर्रे गोलाकार रचत जा. शेवटी एका छर्र्यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी राहिली पाहिजे. ओढूनताणून आणखी एक कोंबला तर छर्रे एकमेकांना घासतात, फिरत नाहीत.

काही गाड्यांना टेपर रोलरचं किट मिळतं. त्यात छर्र्याच्या बिंदूऐवजी रोलरची पूर्ण रेषा भार घेते, त्यामुळे खाच पडायला खूप वेळ लागतो. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी हा खर्च करावाच असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त किट तुमच्याच मॉडेलचं असलं पाहिजे. जाडी दोन मिमीने जास्त असली तरी वरच्या नटाला आटे कमी पडतात किंवा टी खाली-वर बसतो.

ग्रीस लिथियम बेसचं, एनएलजीआय २ दर्जाचं आणि पाण्याला टिकणारं. पानांमध्ये स्टेमच्या मोठ्या नटाचा रिंग पाना (माप गाडीप्रमाणे), खाचा असलेल्या नटासाठी हुक पाना, अ‍ॅलन की, आणि शक्य असेल तर टॉर्क पाना. शिवाय सपाट टोकाचा लांब लोखंडी रॉड, छिन्नी, हातोडी, रॉकेल किंवा डिझेल, चिंध्या. वाट्या बसवायला एक फूटभर आटे असलेला १२ मिमीचा रॉड, दोन नट आणि चार-पाच जाड वॉशर हार्डवेअरच्या दुकानातून आणा. हातोडीने ठोकून वाटी तिरकी बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खोलणं

काहीही सैल करण्याआधी हँडलच्या दोन्ही बाजूंचे, समोरचे आणि वरून असे फोटो काढा. क्लच केबल टीच्या पुढून जाते की मागून, ब्रेकचा पाइप कोणत्या क्लिपमधून जातो, हे परत बसवताना नक्की विसरतं. फोर्कचे पाइप वरच्या टीपासून किती वर आलेत तेही स्केलने मोजून लिहून ठेवा.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. टाकीवर जाड चादर टाका किंवा टाकीच उतरवा. हँडल सुटलं की पहिला ओरखडा तिच्यावरच पडतो. चाक अजून जागेवर असतानाच स्टेमचा मोठा नट आणि फोर्कचे पिंच बोल्ट (टीमध्ये पाइप आवळून धरणारे) फक्त अर्धा फेरा सैल करा. नंतर ते सुटत नाहीत, आख्खं हँडल फिरायला लागतं. मग चाक, कॅलिपर, मडगार्ड आणि शेवटी फोर्क. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने चेसीला बांधा. एबीएसच्या गाडीत सेन्सरची बारीक वायर आधी सोडवा.

फोर्क टीमध्ये गंजून अडकला असेल तर पिंच बोल्ट पूर्ण काढून टीच्या फटीत रॉकेल सोडा, अर्धा तास थांबा आणि पाइप फिरवत खाली ओढा. त्या फटीत छिन्नी घालून टी उघडायचा मोह होतो. लोखंडी टीला किंचित उघडलेलं चालतं, अ‍ॅल्युमिनियमच्या टीला बारीक तडा जातो आणि तो रंगाखाली दिसत नाही.

आता मोठा नट पूर्ण काढून वरचा टी उचला, हँडलसकट बाजूला वळवून टाकीवर ठेवा. खाली मोठं कापड अंथरा. एका हाताने खालचा टी वर दाबून धरा आणि दुसऱ्याने खाचांचा नट काढा. स्टेम खाली येताना छर्रे पडतात. कापड नसेल तर ते गटारात जातात.

वाट्या हेड पाइपमध्ये दाबून बसवलेल्या असतात. लांब रॉड विरुद्ध टोकातून घालून वाटीच्या आतल्या कडेवर टेकवा आणि आळीपाळीने समोरासमोर ठोका. एकाच बाजूला ठोकलं तर वाटी तिरकी अडकते आणि हेड पाइपचं भोक मोठं होतं. भोक मोठं झालं की नवी वाटी कधीच घट्ट बसत नाही. रॉड टेकवायला कडच मिळत नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून वाटीच्या आत गोलाकार एक बारीक बीड मारून घ्या. बीड थंड होताना वाटी आकसते आणि बोटाने निघते. त्यासाठी बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टर काढलेला हवा.

खालचा कोन स्टेमवर दाबलेला असतो. दोन्ही बाजूंनी छिन्नी लावून थोडा थोडा वर घ्या. जागचा हलतच नसेल तर ग्राइंडरने कोनाला तिरका काप द्या, पण पूर्ण कापू नका. शेवटचा अर्धा मिमी ठेवून छिन्नीने तडकवा. स्टेमला ग्राइंडर लागला तर ती खोच पुढे तड्याची सुरुवात ठरते. कोनाखालचं धूळरोधक वॉशर किंवा रबर नवीनच टाका.

टी तपासणं

सगळं हातात असताना हे केलं नाही तर पुन्हा सगळं खोलावं लागेल. गाडी एकदा जरी दुभाजकाला किंवा मोठ्या खड्ड्यात जोरात आदळली असेल तर हे टाळू नका.

आधी एक गैरसमज. पडल्यावर चाक सरळ असताना हँडल वाकडं दिसतं, आणि लोक लगेच टी वाकला म्हणतात. पुष्कळदा काही वाकलेलं नसतं, फोर्क टीमध्ये फक्त पिळलेले असतात. अ‍ॅक्सल, मडगार्डचे आणि खालचे पिंच बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यात धरून हँडल सरळ केलं की काम होतं. हे करूनही वाकडंच राहिलं तर खरी तपासणी.

पहिले पाइप बघा. प्रत्येक पाइप सपाट काचेवर लोळवा आणि पाइप-काचेच्या मधून दिसणारी उजेडाची रेघ बघा. फिरताना ती बारीक-जाड झाली तर पाइप वाकलाय. सरळ पाइप मिळाल्यावर ते दोन्ही टीमध्ये घालून हलके आवळा आणि त्यांच्यावर जाड काचेचा तुकडा आडवा ठेवा, आधी टीजवळ, मग खालच्या टोकाजवळ. कोपरा दाबल्यावर काच डुगडुगली तर टी पिळलाय. मग दोन पाइपमधलं अंतर वर आणि खाली मोजा. एक मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर टी नवा घ्या. शेवटी स्टेम बाजूने बघा: पाइप आणि स्टेम शेजारी धरल्यावर समांतर दिसले पाहिजेत. स्टेम बहुधा खालच्या टीच्या वेल्डजवळ, मागच्या बाजूला वाकतो.

लेथवाला किंवा प्रेसवाला टी सरळ करून देतो. आम्ही ते करू नका असंच सांगू. फोर्कचे पाइप किंचित वाकले असतील तर जाणकार माणूस सरळ करून देऊ शकतो, पण टी एकदा वाकून सरळ केला की धातू त्याच जागी थकतो, आणि तो तुटला तर पुढचं चाक गाडीपासून सुटतं. दुसऱ्या मॉडेलचा ‘बसतो’ म्हणून मिळणारा टीसुद्धा घेऊ नका. स्टेम आणि फोर्क यांच्या मधलं अंतर बदललं की ट्रेल बदलतो, म्हणजे स्टेमची रेषा जमिनीला जिथे मिळते आणि चाक जिथे टेकतं त्यांच्यातलं अंतर. गाडी एक तर वळायला जड होते, नाहीतर वेगात हँडल थरथरायला लागतं.

हेड पाइपच्या खाली, चेसीच्या नळ्या जिथे जुळतात तिथे हात फिरवा. रंगाला सुरकुत्या, पापुद्रे किंवा वेल्डच्या कडेने गंजाची रेघ असेल तर वाकलेली आहे ती चेसी. अशा गाडीत नवा टी घालून पैसे वाया जातात.

वाट्या बसवणं

नव्या वाट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. हेड पाइपचं आतलं तोंड रॉकेलने साफ करून पॉलिश पेपर फक्त गंजापुरता फिरवा. मग वाटी जागेवर ठेवा, आटेवाला रॉड आरपार घाला, दोन्ही टोकांना वॉशर आणि नट लावा आणि सावकाश आवळत वाटी आत ओढा. वॉशर वाटीच्या बाहेरच्या कडेवरच टेकला पाहिजे, छर्रे फिरतात त्या भागावर नाही. जुनी वाटी यासाठी ठोकळा म्हणून उत्तम चालते, फक्त तिला ग्राइंडरने एक उभा काप द्या, म्हणजे तीच आत अडकून बसत नाही.

पूर्ण बसली का हे दोन गोष्टींनी कळतं: नट एकदम जड होतो, आणि वाटी व हेड पाइपच्या कडेमध्ये चारही बाजूंनी ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरत नाही. एका बाजूला फट राहिली तर आज कोनसेट छान वाटेल आणि ती फट मिटल्यावर, पहिल्या दोनशे किलोमीटरमध्येच, पुन्हा सैल होईल.

खालचा कोन गरम तेलात सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून स्टेमवर सोडा, बहुधा आपोआप बसतो. १२० अंशांच्या वर नेऊ नका आणि गॅसची ज्योत थेट लावू नका, कडकपणा जातो. थंड बसवायचा असेल तर आतल्या कडेवरच टेकेल अशा मापाचा पाइप घेऊन ठोका.

ग्रीस भरपूर लावा. छर्र्यांच्या खाली, वर आणि मध्ये. शिवाय स्टेमलाही, हेड पाइपमध्ये साठणाऱ्या दमटपणासाठी. खालचे छर्रे स्टेमवरच्या कोनावर, वरचे वरच्या वाटीत चिकटवा. स्टेम सरळ वर न्या, वरचा कोन आणि धूळझाकण घाला आणि खाचांचा नट हाताने फिरवा. एखादा छर्रा निसटून आडवा गेला तर फिरवताना लगेच कडक जागा लागते. तशी लागली तर पुढे जाऊ नका, उतरवून पुन्हा रचा.

किती आवळायचं

आधी मुद्दाम जास्त आवळा, २५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि स्टेम दोन्ही टोकांपर्यंत पाच-सहा वेळा फिरवा. यामुळे वाट्या, कोन आणि छर्रे आपापल्या जागी बसतात आणि जादा ग्रीस बाहेर येतं. नंतर नट पूर्ण सैल करून पुन्हा हुक पान्याने हळू आवळा: खेळ संपतो त्या क्षणी थांबा आणि मग आणखी जेमतेम एक-अष्टमांश फेरा. टेपर रोलरला याहून किंचित जास्त चालतं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा.

आता वरचा टी, फोर्क आणि मोठा नट. क्रम महत्त्वाचा: फोर्क लिहून ठेवलेल्या उंचीवर धरून ठेवण्यापुरते खालचे पिंच बोल्ट हलके लावा आणि वरचे मोकळे ठेवा. मोठा नट आवळताना वरचा टी स्टेमवर थोडा खाली सरकतो. वरच्या टीत फोर्क आधीच घट्ट धरलेले असतील तर तो सरकू शकत नाही आणि सगळा ताण चुकीच्या जागी जातो. बऱ्याच साध्या गाड्यांत मोठ्या नटाचा टॉर्क ६० ते ७५ न्यूटन-मीटर आणि ८ मिमीच्या पिंच बोल्टचा २० ते २५ असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा बघून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या टीवर अंदाजाने जोर लावला की आटे जातात.

हीच जागा जिथे बहुतेक जण चुकतात: मोठा नट आवळला की आट्यांमधला खेळ मिटून खालच्या, खाचांच्या नटाचा दाबही वाढतो. थोडक्यात, तुम्ही आधी अचूक लावलेला कोनसेट आता जरा जास्त घट्ट आहे. म्हणून तपासणी आत्ताच, नट पूर्ण आवळल्यावर करायची. गाडीचा पुढचा भाग अजून हवेत, केबलचा ताण नाही, हँडल मध्यावर. टोकाला बोटाने किंचित धक्का द्या. हँडलने आपल्याच वजनाने शेवटपर्यंत पडावं, पण आदळून परत उसळू नये. अर्ध्यावर थांबलं तर घट्ट आहे; मोठा नट सोडा, खाचांचा नट एक-सोळांश फेरा मागे घ्या, पुन्हा आवळा, पुन्हा बघा. फोर्क धरून ढकलल्यावर खेळ लागला तर उलट करा. तीन-चार वेळा करावं लागलं तरी कंटाळू नका.

नंतर खालचे पिंच बोल्ट, मग वरचे. चाक, मडगार्ड, कॅलिपर लावा. अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट शेवटी, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबल्यावर, म्हणजे दोन्ही पाय आपोआप समांतर येतात. डिस्कची गाडी असेल तर रस्त्यावर जाण्याआधी लिव्हर दाबून पॅड पुढे आणा. पहिल्या दाबात लिव्हर रिकामी जाते.

इंजिन चालू करून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आयडलिंग वाढलं तर थ्रॉटल केबल कुठेतरी ताणली जातेय. तिचा मार्ग फोटोशी ताडून बदला. हेच वायरिंगसाठी: पूर्ण वळवल्यावर कुठलीही वायर टी आणि चेसीच्या मध्ये चिमटली जाऊ नये.

३०० ते ५०० किलोमीटरनंतर चाक उचलून खेळ पुन्हा तपासा. नव्या वाट्या थोड्या बसतात आणि जवळजवळ प्रत्येक गाडीला तेव्हा एकदा किंचित आवळावं लागतं. त्यानंतर सुट्या छर्र्यांचा कोनसेट दर पावसाळ्याआधी खोलून ग्रीस बदला, आणि धुताना फवारा टीपासून लांब ठेवायला सांगा.